वीस कंधारं आणि पन्नास वेळा मुंबई-पुणे

कंधार शहराची वस्ती ढोबळमानाने पंचवीस हजार धरा. आता अशी वीस कंधारं घ्या आणि सगळीच्या सगळी जमिनीखाली निजवा. पाच लाख माणसं! रोमच्या वेशीबाहेर, आप्पिया रस्त्यालगतच्या संत कॅलिक्स्टसच्या एकट्या भुयारी दफनभूमीत एवढी माणसं पुरली गेली, असं सांगतात. 2011च्या जनगणनेत आपलं अख्खं नांदेड शहर होतं साडेपाच लाखांचं!

आणि खोली? चार मजले, वीस मीटरहून खाली. म्हणजे आधी पासष्ट फुटांची विहीर खणायची, मग मजल्यामजल्यावर आडवं खणत सुटायचं, एक-दोन नाही, तब्बल वीस किलोमीटर. कंधारहून निघावं, लोहा गाठावं आणि तरी पुढे चालतच राहावं, इतकं! तेही कुदळीने, तेलाच्या दिव्याच्या उजेडात. बरं, ही झाली फक्त एक दफनभूमी. रोमभोवतालच्या अशा सगळ्या दफनभूम्यांचे बोळ एकापुढे एक जोडले तर दीडशे किलोमीटरच्याही वर जातात. मुंबईला भुयारात शिरा, पुण्याला बाहेर पडा!

इथे पुरल्या गेलेल्या कितीतरी जणांची एकच आस होती: रक्तसाक्ष्याच्या शेजारी जागा मिळावी. श्रद्धेपायी जीव दिलेल्या या हुतात्म्यांच्या थडग्यांवर त्यांच्या मृत्युदिनी दरवर्षी माणसं जमत. कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्याचा उरूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. चौथ्या शतकात पोप दमासस यांनी भाविकांना खाली उतरता यावं म्हणून या थडग्यांपर्यंत जिने करवले, संगमरवरावर हुतात्म्यांच्या स्तुतीच्या ओळी कोरवून घेतल्या.

मग हुतात्म्यांच्या अस्थी प्रवासाला निघाल्या! 415 साली जेरुसलेमजवळ आद्य रक्तसाक्षी स्तेफन यांच्या अस्थी सापडल्या आणि दहाएक वर्षांत त्यांचा अंश पोचला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरात. सरळ रेषेत मोजलं तरी अडीच हजार किलोमीटर. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन लिहून ठेवतात की दोन वर्षांच्या आत तिथे जवळजवळ सत्तर चमत्कारांच्या नोंदी झाल्या. महिन्याला तीन पडले की हो! पुढे 609 साली रोमचं पँथिऑन हे देवालय हुतात्म्यांना अर्पण झालं, तेव्हा परंपरा म्हणते की अस्थींनी भरलेल्या अठ्ठावीस गाड्या तिथे आल्या. अठ्ठावीस!

आणि ही लाट आपल्या दारातही आली. नांदेडहून मुंबईला जाताना लागतं ना ठाणे, तिथेच. एप्रिल 1321. तोलेंतीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियाचे देमेत्रियस, हे चौघे ख्रिस्ती श्रद्धेपायी काही दिवसांत मारले गेले. जॉर्डन नावाच्या धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. थोड्याच वर्षांत इटलीचा फ्रान्सिस्कन साधू ओदोरिक आला, त्याने अस्थी उकरून काढल्या, चांगल्या कापडात बांधल्या आणि तो जहाजात चढला. वाटेत वारा पडला. सगळ्यांनी आपापल्या देवाची करुणा भाकली, काही होईना. शेवटी ओदोरिकने एक हाड समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, असं तो स्वतः सांगतो. कोल्लमला त्याने जहाज बदललं. या जहाजात सातशे जीव! एसटीच्या सोळा गाड्या गच्च भरतील एवढी माणसं एका जहाजात, सातशे वर्षांपूर्वी! त्यात नियम असा की बंदरात शिरण्याआधी, मेलेल्या माणसाची हाडं शोधायला अख्खं जहाज धुंडाळायचं आणि सापडली तर समुद्रात फेकायची. जहाज धुंडाळलं, पण गाठोड्याचा कुणाला पत्ता लागला नाही. अस्थी चीनच्या झैतून बंदरातल्या फ्रान्सिस्कन मठात सुखरूप पोचल्या.

आता हे अंतर मोजू या. ठाण्याची खाडी सोडायची, श्रीलंकेला वळसा घालायचा, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून निघून चीनचा किनारा गाठायचा. जवळात जवळची वाट धरली तरी साडेसात हजार किलोमीटर. नांदेड-मुंबई रेल्वेने बारा वेळा, आणि तरी थोडं उरतंच. मुंबई-पुणे? पन्नास वेळा!