गिअर सुटला, दोष कुणाचा?

2019च्या मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढताना माझी गाडी अचानक जोर लावेनाशी झाली. इंजिन चालू होतं. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढत होता, पण चाकांपर्यंत काही पोहोचत नव्हतं. समोरच्या पट्टीवर दोनचा आकडा होता, तिथे ‘एन’ लुकलुकू लागला. गाडी हातभर मागे सरकली. मागे सिमेंटचा ट्रक. मी हँडब्रेक ओढला, बायकोने उतरून चाकामागे दगड लावला आणि ट्रकवाल्याला हात करत उभी राहिली. पुढचे दोन तास आम्ही कठड्याला टेकून काढले.

गाडीला क्लचचं पेडल नव्हतं, गिअर आपोआप पडत. साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमधल्या तरुण मुलाने नम्रपणे विचारलं, “काका, घाटात गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरता का? त्यानेच होतं हे.” वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली होती. बिल झालं अठ्ठावन्न हजार. कंपनीचं नाव इथे देत नाही. ज्या कंपनीविषयी पुढे लिहिणार आहे, ती ही नव्हे.

मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. जुन्या घाटरस्त्यांच्या नोंदी गोळा करण्यात माझी वीस वर्षं गेली. नोंदी चाळायची सवय असल्यामुळे त्या मुलाच्या वाक्याचा माग काढत गेलो, आणि तेच वाक्य मला ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्याच्या कागदपत्रांत भेटलं.

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिन सतत फिरत असतं, चाकांना मात्र थांबावं लागतं. या दोहोंमधली मैत्री जोडायची नि तोडायची, हे क्लचचं काम. साध्या गाडीत ते आपला डावा पाय करतो. आपल्याकडे 2014 साली मारुतीच्या सेलेरिओमुळे जी ‘एएमटी’ घरोघरी माहीत झाली, तिच्यात गिअरबॉक्स जुनीच असते. फक्त पायाचं आणि हाताचं काम एक छोटी यंत्रणा करते. डबल क्लचची कल्पना याहून चतुर आहे. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी दुसऱ्यात धावत असतानाच तिसरा गिअर तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकडतो. वारीत पालखीचा खांदा बदलताना पालखी खाली टेकवत नाहीत. एक खांदा निघायच्या आत दुसरा शिरलेला असतो. तसंच हे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने ही कल्पना मांडली होती, पण सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेता येईल अशा मोटारीत ती आली 2003 साली, फोक्सवॅगनच्या गोल्फमध्ये. इतकी वर्षं लागली, कारण हा खांदेपालट सेकंदाच्या अंशात अचूक साधायचा तर संगणकच हवा.

हे क्लच तेलात बुडालेले असतात किंवा कोरडे. तेलातला क्लच थंड राहतो, पण तेल फिरवण्यात थोडी शक्ती वाया जाते. कोरडा क्लच इंधन वाचवतो, पण तापतो. फोर्डने ‘पॉवरशिफ्ट’ नावाने सहा गिअरची जी कोरडी डबल क्लच गिअरबॉक्स फिएस्टा आणि फोकस या गाड्यांत बसवली, तिची कथा इथून सुरू होते.

तिच्यात प्रामुख्याने दोन प्रकारचे बिघाड होत. पहिला थरथरीचा. शाफ्टवरच्या सीलमधून तेल झिरपून कोरड्या क्लचवर येई. सायकलच्या रिमला तेल लागल्यावर ब्रेक कसा कधी घसरतो नि कधी कचकन धरतो, ते आठवावं. सिग्नलवरून निघताना, वाहतुकीत हळू सरकताना सगळी गाडी हादरे. दुसरा बिघाड जास्त भीतीदायक. गिअरबॉक्सचा कारभार पाहणारा छोटा संगणक गिअरबॉक्सलाच जोडलेला होता, म्हणजे उष्णता आणि कंप दोन्ही त्याच्या वाट्याला. त्याच्या सर्किटमधल्या सोल्डरला तडे जात. जोड तुटला की आज्ञा पोहोचत नाही, आणि धावती गाडी न्यूट्रलमध्ये येते किंवा उभी गाडी सुरूच होत नाही. तडा अगदी बारीक असेल, तर तो तापल्यावर उघडतो नि गार झाल्यावर मिटतो. म्हणून रस्त्यात बंद पडलेली गाडी गॅरेजमध्ये मुकाट्याने चालते, आणि मालक खोटा पडतो.

(अशा वेळी काय करावं, तेही सांगून टाकतो. इंजिन चालू असेपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत शाबूत असते, म्हणून घाबरून किल्ली फिरवू नये. धोक्याचे दिवे लावून आहे त्या वेगात गाडी कडेला न्यावी. आणि दोरीने ओढत नेण्यापेक्षा उचलून नेणाऱ्या गाडीची वाट पाहावी. ओढण्याने गिअरबॉक्सचं आणखी नुकसान होऊ शकतं.)

ऑस्ट्रेलियात या गिअरबॉक्सच्या सत्तर हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. फिएस्टा, फोकस आणि त्यांच्या जोडीला इकोस्पोर्ट. तक्रार घेऊन येणाऱ्या मालकांना काय सांगितलं जाई? थरथर तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होते. गाडी बदलून हवी असेल, तर पदरचे बरेच पैसे घालून नवी घ्या. तिथल्या ग्राहक आयोगाने 2017 साली कंपनीला फेडरल कोर्टात खेचलं. 1 मे 2015 ते 29 फेब्रुवारी 2016 या दहा महिन्यांत तक्रारी ज्या रीतीने हाताळल्या गेल्या, ते वर्तन न्यायबुद्धीला न पटणारं असल्याचं कंपनीने शेवटी मान्य केलं. एप्रिल 2018मध्ये दंड झाला, एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर.

दंडाचा आकडा मोठा आहे, पण मी अडखळलो दुसऱ्याच आकड्यापाशी. विकलेल्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या, म्हणजे सुमारे 37,000 गाड्यांची गिअरबॉक्स निदान एकदा दुरुस्तीला आली होती. एका मालकापुरतं पाहिलं तर ‘तुम्ही गाडी नीट चालवत नाही’ हे वाक्य खोडता येत नाही. घाटात गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरल्याने क्लच झिजतो, हे खरंच आहे. मीही ते केलं असेन. पण सदतीस हजार माणसं एकाच पद्धतीने चुकीची गाडी चालवतात, असं कोण मानेल? दुरुस्तीच्या त्या नोंदी कंपनीच्याच दफ्तरी होत्या. मालकाच्या हातात फक्त त्याचा एक कागद.

पुढे ऑस्ट्रेलियातल्याच एका सामूहिक दाव्यात 2021 साली न्यायमूर्ती पेराम यांनी सुटे भाग तर सदोष ठरवलेच, शिवाय रचनेतही दोष असल्याचा निष्कर्ष काढला. नुकसान कसं मोजायचं, हा वाद 2024पर्यंत तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे चालला. अमेरिकेतला सामूहिक दावा 2012चा, त्याची तडजोड अंतिम झाली 2020मध्ये. मधल्या काळात, 2019 साली, ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ने कंपनीच्या अंतर्गत कागदांवरून छापलं की गाड्या बाजारात येण्याआधीच आतल्या अभियंत्यांनी शंका घेतल्या होत्या. ज्याची थरथर 2012ला सुरू झाली, त्याने गाडी तोवर केव्हाच भंगारात दिली असेल.

भारतात ‘पॉवरशिफ्ट’ आधी फिएस्टामधून आणि नंतर, 2013पासून, इकोस्पोर्टमधून आली. आपला कायदा अशा मालकाला काय देतो? वॉरंटीविषयी सर्वोच्च न्यायालयाचा 2006चा एक निकाल नेहमी पुढे केला जातो. तोही क्लचच्याच तक्रारीचा, मारुती उद्योगविरुद्धचा. वॉरंटीचा करार सदोष भाग बदलून देण्याचा आहे, पूर्ण गाडी बदलून देण्याचा नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. थोडक्यात, गाडी तीच राहते नि फेऱ्या वाढतात. दोष उघड दिसत नसेल, तर तज्ज्ञाची तपासणी लागते, आणि गिअरबॉक्सच्या संगणकाची भाषा वाचणारं यंत्र बहुधा कंपनीच्याच केंद्रात असतं.

2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने काही दारं उघडली आहेत. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. एकसारखी तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्रही येऊ शकतात. ही तरतूद जुन्या कायद्यातही होती. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 110-अ हे कलम आलं. ठरावीक प्रमाणात मालकांनी सरकारकडे तक्रार नोंदवली, तर सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र देऊ शकतं. 1 एप्रिल 2021पासून त्याचे नियम लागू आहेत, गाडी सात वर्षांच्या आतली हवी. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाचं हेच कलम आहे, कारण ते मोजणीवर उभं आहे. पण मोजायला नोंद लागते.

म्हणून मी घरी येऊन माझी फाइल काढली. घाटातल्या प्रसंगाआधी दोनदा, वॉरंटी चालू असताना, गाडीने सिग्नलवर हिसके दिले होते. दोन्ही वेळा मी सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. मुलाने एक चक्कर मारली, म्हणाला, “ठीक आहे काका, याला जॉब कार्ड कशाला करायचं?” पैसे घेतले नाहीत, चहाही पाजला. मला ते सौजन्य वाटलं, आणि तसं तो मुलगा वागलाही मनापासूनच. त्या दोन भेटींचा कुठेही कागद नाही. तिसऱ्या, साताऱ्याच्या जॉब कार्डवर तक्रारीच्या रकान्यात ‘गिअर पडत नाही’ एवढंच आहे, निरीक्षणाच्या रकान्यात ‘चालवण्याच्या पद्धतीबाबत ग्राहकाला समज दिली’, आणि त्याखाली समाधान झाल्याची माझी सही.