'हळद लागली' आणि 'पुट ऑन'

हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीला बरा भाव लागला, की घरात लग्नाची बोलणी निघतात आणि मग नवरीला हळद लागते. विहिरीला पाणी लागते, पायाला ठेच लागते, पोराला नोकरी लागते. 'लागणे' एकच, अर्थ मात्र सोबतच्या शब्दाप्रमाणे फिरतो. हे आपल्याला कुणी शिकवले नाही.

इंग्रजीतले 'पुट' असेच. एकटे असले की ठेवणे. पण 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट आउट' विझवणे, 'पुट ऑफ' पुढे ढकलणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे! (हा शेवटचा अर्थ आपल्या बायकांना वेगळा शिकवायला नको.)

मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. पोर अर्थांच्या याद्या घोकते, परीक्षेत गोंधळते आणि इंग्रजीचा धसकाच घेते. तेव्हा यादी घोकायला लावू नका. 'सदरा पुट ऑन कर', 'चूल पुट आउट कर' असे कामाकामात बोलवून घ्या. इंग्रजी न येणारी आईसुद्धा भाकरी थापता थापता एवढे विचारू शकते, "आज 'पुट'पुढे कोणता शब्द लागला रे?"