घेराचा चौथा हिस्सा

शेंदूरजनाघाट म्हटलं की संत्र्याची कलमं आठवतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्याच्या मध्यप्रदेशाकडच्या टोकाला वसलेल्या या गावातल्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार झालेली कलमं दूरदूरच्या बागांत जातात. पण संत्र्याच्या या मुलखाला लाकूडही तेवढंच लागतं. आंबिया बहाराच्या ओझ्यानं फांद्या वाकल्या की टेकू हवे. कलमांच्या मांडवाला बल्ल्या, घराला चौकट, स्लॅबला सेंट्रिंगच्या फळ्या हव्या. घरात मयत झाली तर तासाभरात सरणापुरतं लाकूड हवं. वरुड-मोर्शी-परतवाडा पट्ट्यात ही गरज भागवते ती वखार. तिलाच वऱ्हाडी बोलीत टाल म्हणतात. ती बहुधा एकाच घराण्याची असते, आजोबांनी मांडलेली आणि नातवानं चालवलेली. अशा वखारीकडे बघण्याच्या आपल्या दोन सवयी आहेत. एक तर ती जंगल खाणारी, नाहीतर काळानं मागे टाकलेली. मला दोन्ही चुकीच्या वाटतात. ही वखार टिकली ती लाकूड विकते म्हणून नव्हे. ती लाकूड मोजून देते, आणि ते मोजमाप पिढ्यान् पिढ्या त्याच गावासमोर उघडं ठेवावं लागतं, म्हणून टिकली.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. मेळघाटचा साग उतरायचा परतवाड्याला. तिथे वनखात्याच्या डेपोत लिलाव व्हायचे आणि सभोवती आरागिरण्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रभर या धंद्यात कच्छमधून आलेल्या पाटीदार कुटुंबांनी मोठा वाटा उचलला, तसा तो विदर्भातही उचलला. 1974 साली मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला आणि मेळघाटच्या लाकडावर विसंबून राहण्याचे दिवस सरत गेले. आता सागाच्या काही ओंडक्यांचा प्रवास आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून सुरू होतो आणि कांडला बंदरातून वखारीत संपतो.

माल कुठलाही असो, वखारीचा गाभा म्हणजे मोजणीची एक रीत. ओंडक्याच्या मध्यावर फीत लावायची, घेर घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. येईल ते घनफूट. समजा ओंडक्याचा घेर 48 इंच आणि लांबी 10 फूट आहे. चौथा हिस्सा झाला 12 इंच, म्हणजे एक फूट. त्याचा वर्ग एक. हिशेब झाला 10 घनफूट. भूमितीला विचारलं तर ती वेगळं सांगेल. एवढ्या घेराच्या गोल ओंडक्यात प्रत्यक्षात 12.73 घनफूट लाकूड असतं, म्हणजे या रितीत साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबातून गळतं. एडवर्ड हॉपस या इंग्रजानं 1736 साली या पद्धतीची कोष्टकं छापली आणि आजही सागाच्या जागतिक व्यापारात त्याचं नाव चालतं. चूक एवढी उघड असताना रीत जवळजवळ तीनशे वर्षं का टिकली, याचं उत्तर आऱ्यावर मिळतं. त्याच ओंडक्यातून चौरस तुळई काढायची म्हटली तर मोठ्यात मोठी निघते ती 10.8 इंच बाजूची. तिचं माप भरतं 8.1 घनफूट. बाकीचं कडेच्या पातळ फळ्यांत, सालीत आणि भुशात जातं. विकणाऱ्याचं खरं लाकूड 12.73 आणि घेणाऱ्याच्या हाती पडणारी तुळई 8.1 यांच्या मधोमध कुठेतरी हा 10 चा आकडा उभा आहे. झाडाचं अचूक माप तो सांगत नाही. सालीचं आणि चिराईचं नुकसान कोणी किती सोसायचं, याचा तो दोन माणसांतला करार आहे. मापाच्या आतच तडजोड बसवणारं असं साधं सूत्र दुसऱ्या धंद्यात क्वचितच सापडेल.

या सूत्राभोवती ज्ञानाचा एक थर साठलेला असतो. धावडा चिवट, म्हणून तो बैलगाडीच्या आसाला आणि अवजारांच्या दांड्याला. बाभूळ नांगराला. सालई हलकी, ती खोक्यांच्या फळ्यांना. आंब्याची फळी सेंट्रिंगला चालते, पण दाराला लावली तर कीड लागते. साग सोडून बाकी सगळ्याला वनखातं एकच शब्द वापरतं, आडजात. वखारवाल्याला मात्र आडजातीतली प्रत्येक जात वेगळी ओळखावी लागते, कारण सुताराला ओंडका नको असतो. त्याला चौकटीला योग्य अशा लाकडाच्या साडेसहा फुटांच्या दोन उभ्या आणि तीन फुटांची एक आडवी पट्टी लागते. मोठा व्यापारी एवढ्या किरकोळ मापाचं चिरान कापून देत नाही आणि तयार दाराचा कारखाना जुन्या वाड्याच्या वाकड्या भिंतीचं माप घेत नाही. तयार माल स्वस्त पडतो, हा आक्षेप खरा आहे. लोखंडी चौकट आणि प्लायवूडचं दार घरकुलाच्या हिशेबात बसतं, संत्र्याच्या बाजारातही लाकडी पेटीच्या जागी प्लॅस्टिकचा क्रेट आला. पण किमतीत फक्त पहिला दिवस मोजला जातो. पाण्यानं फुगलेलं प्लाय टाकून द्यावं लागतं. सागाची चौकट रंधा मारून पुन्हा बसवता येते, आणि तो रंधा कुठे मारायचा हे सांगणारा माणूस वखारीतच भेटतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आरा चालला की जंगल कमी होतं. अवैध सागतोड विदर्भानं पाहिली आहे आणि काही आऱ्यांनी तो माल चिरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 1997 रोजी महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करायला सांगितल्या, आणि 2002 साली केंद्रीय सक्षम समितीच्या मंजुरीशिवाय नवी गिरणी उघडायला देशभर मनाई केली. तो कडकपणा योग्यच होता. पण त्यातून जे वाचलं ते नीट पाहायला हवं. परवाना असलेल्या वखारीतल्या ओंडक्यावर घणाची निशाणी असते, सोबत वाहतूक परवाना असतो, आवक-जावक वहीत चढते. चोरीच्या लाकडाला वही नको असते. गावातली नोंद असलेली वखार बंद पडली म्हणून गावाची लाकडाची गरज थांबत नाही. ती गरज वही नसलेल्या वाटेनं भागते.

खरी काळजी वेगळीच आहे. नवे परवाने गोठले तेव्हा जुना परवाना हीच वारशाची मिळकत झाली. घराण्याच्या वखारी आज दिसतात त्या परंपरेमुळे जितक्या, तितक्याच त्या न्यायालयाच्या आदेशामुळे. ज्या धंद्यात नवा माणूस सहज येऊ शकत नाही तिथे सचोटी आपोआप राहते, असं मी म्हणणार नाही. परवाना ठरावीक जागेचा असतो. भावांत वाटणी झाली, गाव वाढून आरा वस्तीच्या मधोमध आला, की जागा बदलायलाही नव्यानं परवानगी लागते. 2015 नंतर हे निर्णय राज्यस्तरीय समितीकडे आले आणि 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी उपलब्ध लाकडाचा हिशेब मांडून परवाने देण्याची वाट खुली केली. त्या हिशेबात शेकडो घनमीटर गिळणारा प्लायवूडचा कारखाना आणि चार चौकटी चिरणारी वखार एकाच मापानं मोजली जाऊ नये.

आणि पुढचं लाकूड जंगलातून नव्हे, शेताच्या बांधावरून यायचं आहे. भूजल खोल गेल्यानं संत्रा बागा वाळण्याचं दुःख वरुड-मोर्शीनं भोगलं आहे. 2019 च्या उन्हाळ्यात तर उभ्या बागा सरपण झाल्या. अशा वेळी बांधावरचा साग हा शेतकऱ्याचा राखीव पैसा असतो. तो तोडायला 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते, सातबाऱ्यावर झाडाची नोंद लागते, आणि मग तो ओंडका त्याच वखारीत येतो. इथे चौथ्या हिश्श्याचं सूत्र उलटं फिरतं. गळालेले साडेएकवीस टक्के आता शेतकऱ्याचे असतात आणि मोजणारा स्वतःच घेणारा असतो. आजोबांपासून त्याच पेठेत बसलेल्या माणसाला फसवणूक परवडत नाही, कारण तोच शेतकरी उद्या लेकीच्या घराची चौकट घ्यायला येणार असतो. वखारीवर माझा विश्वास आहे तो एवढ्यासाठी. तरी विश्वासाला मोजपट्टीची जोड हवी. बांधावरचा साग विकायचा असेल तर झाड पडल्यावर ओंडक्याच्या मध्यावर स्वतः फीत लावा, घेराचे चार भाग करा, वर्ग करून लांबीनं गुणा, भाव ठरवताना गळालेला हिस्सा ध्यानात ठेवा आणि तो आकडा कागदावर लिहूनच वखारीची पायरी चढा.