जिंगू मैदानाचे भवितव्य

टोकियोचे मेइजी जिंगू बेसबॉल मैदान 1926 साली खुले झाले. 1934 मध्ये तेथे बेब रूथ खेळून गेला. महायुद्धानंतर काही वर्षे ते अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होते. तीस हजारांवर प्रेक्षक सामावणारी ही वास्तू अवाढव्य नव्हे. परंतु 1988 च्या टोकियो डोमला छप्पर आहे, जिंगूला आकाश आहे. कधी दुपारी विद्यापीठांचे संघ खेळतात, सायंकाळी याकुल्ट स्वॅलोज हा व्यावसायिक संघ उतरतो. आणि त्याने धाव काढली की हजारो प्रेक्षक चिमुकल्या छत्र्या उघडून गाऊ लागतात. पावसावाचून छत्री उघडणाऱ्या या मंडळींचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

या मैदानावर आता कुदळ पडावयाची आहे. 2023 साली महानगर शासनाने मंजूर केलेल्या योजनेनुसार ते शेजारच्या रग्बी मैदानाशी जागेची अदलाबदल करणार. सोबतीस सुमारे 190 मीटरांचा मनोरा. संगीतकार र्‍यूइची साकामोतो यांनी मृत्यूपूर्वी गव्हर्नरांना विरोधाचे पत्र लिहिले. तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये वृक्षतोड सुरू झालीच.

मैदान जुने झाले, हे कारण आम्हांस पटत नाही. ओसाकाजवळचे कोशिएन त्याहून दोन वर्षांनी जुने. त्याचे नूतनीकरण 2007 पासून हंगाम न बुडविता टप्प्याटप्प्याने झाले. जिंगूच्या उत्पन्नावर मालक मेइजी देवस्थानाचा व त्याच्या वनराईचा खर्च चालतो, ही अडचण मात्र खरी. पण मनोरे बांधणाऱ्यांकडे जाण्यापूर्वी देवस्थानाने त्या छत्रीवाल्यांपुढे झोळी पसरावयास काय हरकत होती?