वीकएण्ड चिखलात!

शुक्रवारी लॅपटॉप मिटला आणि शनिवारी सकाळी भोरजवळ घोट्यापर्यंत चिखलात उभा! मातीच्या घराचं वर्कशॉप, दुसरं काय?

पहिला धडा बाटलीचा. माती-पाणी हलवून ठेवून द्या. तळाशी वाळू, मध्ये पोयटा, वर चिकणमाती. चिकणमाती जास्त असेल, तर भिंत तडकणार. मग वाळू वाढवा. त्यात भाताचा पेंढा टाकून मनसोक्त तुडवा. पेंढा मातीला धरून ठेवतो. भिंत एका वेळी फूट-दीड फूटच चढवायची, मग सुकू द्यायची. जिमपेक्षा भारी घाम निघतो, राव!

आजीला हे सगळं पाठ होतं. तिच्या घराची भिंत फुगली म्हणून बाबा पुढच्या महिन्यात घर पाडणार होते. ‘माती टिकत नाही रे.’ इथे कळलं, दोष मातीचा नव्हताच. हौसेनं मारलेल्या सिमेंटच्या प्लॅस्टरमुळे आतली ओल कोंडली होती.

संध्याकाळी फोन लावला. ‘बाबा, पाडू नका. आधी प्लॅस्टर खरवडून बघू.’

बराच वेळ शांतता. मग म्हणाले, ‘पेंढा मी आणतो. तुडवायला तू ये.’

तर दोस्तहो, पुढचे चार वीकएण्ड आपण बुक्ड!