मानकोली ते महालक्ष्मी : एका दिवसाची शहरसहल

सहल म्हटली की शहरातील माणसाच्या डोळ्यांपुढे डोंगर, धबधबा किंवा कोकणातील एखादा लांबचा किनारा उभा राहतो. त्यासाठी सलग दोन-तीन दिवसांची रजा लागते, गाडी लागते आणि खर्चही बेताचा होत नाही. रविवार हा एकच मोकळा दिवस हाती असलेल्यांनी काय करावे? भिवंडी तालुक्यातील मानकोली आणि त्याच्या आसपासच्या वस्तीत राहणाऱ्या हजारो कुटुंबांपुढचा हा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर मुंबईतच आहे. दिवसाचा पूर्वार्ध फोर्ट-काळा घोडा परिसरातील संग्रहालये आणि जुन्या वास्तू पाहण्यात घालवावा आणि सूर्यास्ताला महालक्ष्मीच्या देवळामागचा समुद्र गाठावा. या दोन ठिकाणांना जोडणारा इतिहास जाणून घेतला, तर ही सहल अधिक अर्थपूर्ण होते.

मानकोलीचा माल आणि मानकोलीची माणसे

मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली नाका आज ओळखला जातो तो गोदामांमुळे. मुंबईत मालावर जकात आकारली जात असे, त्या काळात शहराच्या हद्दीबाहेर पण शहराच्या अगदी जवळ माल साठवण्याची सोय व्यापाऱ्यांना हवी होती. भिवंडी तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या हद्दीतील भातशेतीच्या जागी त्यातून गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईतील जकात इतिहासजमा झाली, परंतु महामार्ग आणि बंदराशी असलेली सोयीची जोडणी कायम राहिल्याने गोदामांचा पसारा वाढतच गेला. मुंबईकरांच्या घरी पोहोचणाऱ्या कितीतरी वस्तू आधी या नाक्यावरून जातात. त्या वस्तू उचलणारी, मोजणारी, वाहून नेणारी माणसे मात्र मुंबईत क्वचितच निवांतपणे जातात.

तशी ही जागा समुद्राला अगदी परकी नाही. जवळूनच वाहणारी उल्हास नदी येथे खाडीचे रूप घेते आणि वसईजवळ सागराला मिळते. भरतीचे पाणी या खाडीतून थेट कल्याणपर्यंत चढते. कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे याच जलमार्गाच्या आश्रयाने नांदली. आजचा प्रवास मात्र रुळांवरून करायचा आहे.

जाण्याचा मार्ग

मानकोलीहून बस किंवा रिक्षाने ठाणे स्थानक गाठणे हा नेहमीचा मार्ग. उल्हास खाडीवरील मानकोली-मोठागाव पूल २०२५ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाल्यापासून डोंबिवली स्थानकही जवळ आले आहे. ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जलद लोकलने साधारण पाऊण ते एक तास लागतो. रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक असतो. त्याची वेळ आणि मार्ग आदल्या दिवशी पाहून ठेवावा आणि शक्यतो ब्लॉक सुरू होण्यापूर्वीची गाडी पकडावी.

हा प्रवासही ऐतिहासिकच म्हटला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्याला आली होती. त्याच मार्गावरून, फक्त उलट दिशेने, आपण बोरीबंदरला उतरतो.

सकाळ : काळा घोडा आणि संग्रहालय

टर्मिनसमधून बाहेर पडून दक्षिणेकडे चालत निघाले की हुतात्मा चौक लागतो. फ्लोरा फाउंटन हे १८६४ मधील कारंजे आणि त्याच्याजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण देणाऱ्यांचे स्मारक येथे शेजारी-शेजारी आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मुलांना सोबत नेले असेल, तर या चौकात पाच मिनिटे थांबून हा इतिहास अवश्य सांगावा.

तेथून पुढे काळा घोडा. या नावाचे मूळ होते सातवे एडवर्ड यांच्या अश्वारूढ पुतळ्यात. तो पुतळा १९६५ मध्ये येथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. राजा गेला, घोडाही गेला, पण नाव लोकांच्या तोंडी टिकून राहिले. २०१७ मध्ये येथे पुन्हा एक काळा घोडा बसवण्यात आला. त्याच्या पाठीवर मात्र कुणीही स्वार नाही.

सकाळचे मुख्य आकर्षण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांनी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याची कोनशिला बसवली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा भव्य घुमट या वास्तूला दिला. गेट वे ऑफ इंडियाचा आराखडाही त्यांचाच. इमारत पूर्ण झाली तेव्हा पहिले महायुद्ध सुरू झाले होते. त्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. संग्रहालय रविवारीही उघडे असते.

सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. दोन-अडीच तासांत शिल्पदालन, लघुचित्रे आणि निसर्गविज्ञान विभाग एवढे नीट पाहून होते. भिवंडीकडून येणाऱ्याने सोपारा येथे सापडलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मात्र चुकवू नये. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच खाडीच्या मुखाजवळ राजाज्ञा कोरून लावावी असे एक गजबजलेले बंदर होते, याचा हा दगडी पुरावा आहे. पुढे गाळ साचत गेला, जलमार्ग बदलले आणि सोपाऱ्याचे वैभव मावळले. किनारे स्थिर नसतात, ही गोष्ट येथे मनात ठेवून बाहेर पडावे. सायंकाळी तिची पुन्हा गरज लागणार आहे.

संग्रहालयाला लागूनच १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर कलादालनाची इमारत आहे. तेथे प्रवेशशुल्क नाही. ज्यांची चित्रे अद्याप प्रसिद्ध झालेली नाहीत, अशा कलावंतांचे काम पाहण्याची ही उत्तम जागा. अनेकदा चित्रकार स्वतः तेथे बसलेले असतात आणि संकोच न बाळगता विचारले, तर आपल्या चित्राविषयी आनंदाने बोलतात. दुपारच्या जेवणासाठी फोर्टातील खानावळी आणि इराणी हॉटेले आहेतच. मात्र रविवारी कचेऱ्या बंद असल्याने त्यातील काही बंद असतात.

जेवणानंतर ओव्हल मैदानाच्या कडेने एक फेरी मारावी. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या गॉथिक वास्तू, तर पश्चिमेला विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीच्या इमारती, मध्ये क्रिकेट खेळणारी मुले. या वास्तुसमूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. यातील पश्चिमेकडच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, ती बॅकबेच्या समुद्रात भर घालून मिळवलेली आहे.

संध्याकाळ : बांध आणि देवी

आता महालक्ष्मीकडे. येथे एक सूचना आवश्यक आहे. महालक्ष्मी स्थानक आणि महालक्ष्मीचे देऊळ यांच्यात दोन किलोमीटरहून अधिक अंतर आहे. नावावर विसंबून पायी निघालेले अनेक जण दमतात. हुतात्मा चौकातून भुयारी मेट्रोने महालक्ष्मीला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी, अथवा चर्चगेटहून लोकलने ग्रँट रोड गाठून तेथून भुलाभाई देसाई मार्गाकडे यावे. देवळात शुक्रवारी आणि नवरात्रात फार मोठी गर्दी असते. निवांतपणा हवा असेल, तर ते दिवस टाळावेत.

देवळात महालक्ष्मी, महाकाली आणि महासरस्वती अशा तीन मूर्ती आहेत. त्यांच्या प्रतिष्ठापनेची आख्यायिका मुंबईच्या भूगोलाशी बांधलेली आहे. अठराव्या शतकात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये मोठे भगदाड होते. त्यातून भरतीचे पाणी आत शिरून बेटांमधील सखल भाग जलमय करीत असे. विल्यम हॉर्नबी हे १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत हे भगदाड बुजवण्यासाठी बांध घालण्यात आला. हाच हॉर्नबी वेलार्ड. आख्यायिका सांगते की, बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. तेव्हा कामावरील रामजी शिवजी या प्रभू गृहस्थांच्या स्वप्नात देवी आली आणि समुद्रतळातून आपल्याला बाहेर काढण्यास तिने सांगितले. मूर्ती वर काढल्या गेल्या, बांध टिकला आणि देवीला किनाऱ्यावर स्थान मिळाले. आख्यायिकेला इतिहासाचा दर्जा देता येत नाही. पण समुद्राची जागा घेताना माणसाला वाटलेली धास्ती आणि समुद्राची परवानगी घेण्याची त्याची गरज तिच्यातून स्पष्ट दिसते.

सूर्यास्त नेमका केव्हा?

सूर्यास्त पाहायला निघालेल्यांची बहुधा दोन बाबतींत फसगत होते, वेळ आणि दिशा. मुंबईत सर्वांत लवकर सूर्यास्त होतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सायंकाळी सहाच्या सुमारास. सर्वांत उशिरा होतो तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. वर्षातील सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येत असला, तरी सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे घड्याळातील मध्यान्ह आणि सूर्याचे माथ्यावर येणे यांत फरक पडत जातो, हे त्याचे कारण.

सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो केवळ मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी. मुंबईच्या अक्षांशावर जूनमध्ये तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला सरकतो. महालक्ष्मीच्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य हे की, या संपूर्ण ५० अंशांच्या पट्ट्यात समोर समुद्रच आहे. सागराकडे तोंड करून उभे राहिले, तर हाजी अली दर्गा उजव्या हाताला राहतो. सूर्याचे बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण दिसेनासे होईपर्यंत जेमतेम सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. गंमत अशी की, बिंब क्षितिजाला टेकलेले आपल्याला दिसते तेव्हा सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. वातावरणातून येताना प्रकाशकिरण वाकतात, म्हणून तो वर दिसतो. त्याच कारणाने त्याचा गोल तळाशी चेपलेला भासतो. सूर्यास्तानंतरही सुमारे वीस मिनिटे पुरेसा उजेड असतो, तेव्हा धावपळ करण्याचे कारण नाही. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे ही आशा न केलेलीच बरी.

भरती-ओहोटीचा अंदाज कोकणातील जुन्या हिशेबाने बांधता येतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास येते, म्हणून सूर्यास्ताच्या वेळी ओहोटी असते आणि खडक उघडे पडतात. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, त्यावर हा हिशेब बसवलेला आहे. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. तेथे जायचे असल्यास अधिकृत भरती-वेळापत्रक पाहणे आवश्यक आहे. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर उतरण्याचे धाडस कोणीही करू नये.

नवा बांध

आज मात्र महालक्ष्मीच्या मागे उभे राहिल्यावर सूर्य आणि आपण यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे सागरी किनारा मार्ग. मरीन ड्राइव्ह ते वांद्रे-वरळी सागरी सेतूचे वरळी टोक असा १०.५८ किलोमीटरचा हा रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठी समुद्रात १११ हेक्टर भराव घालण्यात आला. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरणविषयक परवानगी रद्द केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. वरळीच्या कोळी बांधवांना आपल्या होड्या सुखरूप ये-जा करता याव्यात म्हणून पुलाच्या दोन खांबांमधील अंतर वाढवून घेण्यासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. अखेर ते ६० मीटरवरून १२० मीटर करण्यात आले.

या रस्त्याने दक्षिण मुंबईचा प्रवास वेगवान केला, हे नाकारता येणार नाही. परंतु तो खुला झाला तो दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मनाई करून. गोदामात काम करणाऱ्याचे वाहन बहुधा दुचाकीच असते. त्याच्या वाट्याला येऊ शकतो तो रस्त्याकडेचा पदपथ. १५ ऑगस्ट २०२५ रोजी या सागरी पदपथाचा मोठा भाग लोकांसाठी खुला झाला. रस्त्याखालच्या भुयारी मार्गांनी तेथे पायी पोहोचता येते आणि समोर अडथळा नसलेला समुद्र दिसतो. तेथे तिकीट नाही. भरावाच्या जमिनीचा निवासी किंवा व्यापारी वापर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मुंबईत समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर पुढे काय उभे राहिले, हे सकाळी पाहिलेले शहरच सांगते. म्हणूनच ही अट कागदावर न राहता पाळली जाते की नाही, याकडे लक्ष ठेवणे आवश्यक आहे. तसे लक्ष राहायचे, तर या जागेवर केवळ शेजारच्या उंच इमारतींतील रहिवाशांनी नव्हे, ठाणे-भिवंडीच्या लोकांनीही हक्काने येऊन बसले पाहिजे. लोकांची वर्दळ असलेली जागा सहजासहजी बंद करता येत नाही.

परतताना महालक्ष्मी स्थानकातून लोकल पकडून दादरला उतरावे आणि तेथून मध्य रेल्वेने ठाणे किंवा डोंबिवलीकडे निघावे. साडेसातच्या सुमारास किनारा सोडला, तर रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचता येते. लोकलचे भाडे, संग्रहालयाचे तिकीट, साधे जेवण आणि थोडा टॅक्सीखर्च एवढाच काय तो खर्च. पुढचा रविवार निवडताना पंचांगातील तिथी तेवढी पाहून ठेवावी.