गाठ आणि गुंफण

दोर तुटतो तो सहसा मध्येच तुटत नाही, गाठीपाशी तुटतो. विहिरीवरचा पोहरा असो, गुराचे दावे असो, की महाबळेश्वरी जांभळाच्या सावलीत बांधलेला झुला असो, अनुभव सर्वत्र एकच. गाठ घट्ट बसली म्हणजे दोर पक्का झाला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः गाठ मारताच दोराची ताकद कमी होते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. गाठीच्या प्रकाराप्रमाणे साधारण एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत. असे का व्हावे आणि त्यावर उपाय कोणता, हे घरच्या घरी झुला टांगण्याच्या निमित्ताने आपण पाहू.

प्रथम दोर म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. सातारा-सांगलीकडे शेताच्या बांधावर घायपात दिसते. तिची पाने कुजवून, ठेचून जो धागा काढतात त्याला वाख म्हणतात. घायपात मूळची अमेरिकेतली, आणि गंमत अशी की झुलाही तिकडचाच. 1492 साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील लोक दोरीच्या जाळीत झोपताना त्याच्या माणसांनी पाहिले. वाखाचा एक धागा आखूडच असतो. दोर मात्र पन्नास हात होतो. मग हे आखूड धागे एकमेकांना धरून राहतात ते कशाने? डिंकाने नव्हे, पिळाने. पिळामुळे धागे एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यात घर्षण उत्पन्न होते, आणि दोर जितका ओढावा तितकी ही पकड घट्ट होते. धाग्यांना एका दिशेने पीळ देऊन पेड करतात आणि तीन पेड उलट दिशेने वळून दोर करतात. एक पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरा आवळतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण हट्टी माणसाला उद्देशून असली तरी दोराचे सारे मर्म तिच्यात आहे.

आता गाठीचा दोष ध्यानात येईल. गाठीत दोर एकदम वाकतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे धागे ताणले जातात, आतले सैल पडतात. दहा जणांचे ओझे तिघांच्या खांद्यावर यावे, तसे होते. ते तिघे थकले की उरलेल्यांचाही निभाव लागत नाही.

यावर उपाय म्हणजे गाठ न मारता दोर दोरातच गुंफणे. झुल्याच्या टोकाला जो फासा लागतो तो असा करावा. तिपेडी दोराच्या टोकाकडून जाडीच्या सुमारे वीसपट लांबी मोजावी. बोटभर, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचा दोर असल्यास 24 सेंटिमीटर. तेथे सुतळीने आवळून पुढचे तीन पेड उकलावेत व त्यांची टोके दोऱ्याने बांधावीत. दोर वळवून हवा तेवढा फासा धरावा. लाकडाच्या टोकदार खुंटीने मूळ दोराचा एक पेड उचलावा आणि त्याखालून पिळाच्या उलट दिशेने मधला मोकळा पेड ओवावा. डावा पेड त्याच्या शेजारच्या पेडाखालून घालावा. मग दोर पालथा करून तिसरा मोकळा पेड उरलेल्या पेडाखालून काढावा. तीन मोकळे पेड तीन निरनिराळ्या फटींतून बाहेर आले, म्हणजे पहिली फेरी साधली. पुढे प्रत्येक पेड एकावरून नेऊन पुढच्याखालून काढीत जावे. वाखाच्या किंवा काथ्याच्या दोराला अशा तीन फेऱ्या पुरतात. नायलॉन गुळगुळीत असल्याने त्याला निदान पाच हव्यात. शेवटी गुंफण पायाखाली लाटून बसवावी. नीट साधलेली गुंफण दोराची सुमारे नऊ-दशांश ताकद राखते.

परंतु गुंफण उत्तम असूनही झुला चुकीचा ताणला तर व्यर्थ. कित्येकांना झुला खाटेसारखा सपाट हवा असतो. साठ किलोचा माणूस झुल्यात बसला आणि दोर आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक बाजूवर साठ किलोंचा ताण पडतो. कोन 10 अंशांवर आणला की ताण सुमारे 173 किलो होतो, आणि 5 अंशांवर जवळजवळ 344 किलो. माणूस तोच, दोर तोच; ताण मात्र पावणेसहापट. म्हणून झुल्याला झोळ हवाच.

हे गणित आपण आज कागदावर मांडतो. पिळाची विद्या मात्र फार जुनी आहे, आणि ती कोणाच्या बोटांत होती हेही सांगितले पाहिजे. दोर वळणे हा मातंग समाजाचा परंपरागत धंदा. कासरे, दावी, चऱ्हाटे, नाडे ही सारी त्यांच्या हातची. बेंदराला बैल नव्या दोरांनी सजत, मोटेचा नाडा विहिरीतून पाणी वर आणी, आणि बदल्यात बलुतेदार म्हणून सुगीला चार पायल्या धान्य मिळे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे याच समाजातले. ज्यांच्या पिळावर गावाची शेती उभी होती त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि त्यांच्या विद्येला विद्या म्हटले नाही. आता नायलॉनने तो धंदाही बहुतांशी नेला. नायलॉन पाण्याने कुजत नाही आणि अधिक भार घेतो, हे खरेच. तथापि उन्हाने तोही जीर्ण होतो, आणि पिळाचा नियम त्यालाही सुटलेला नाही.

एक इशारा येथे अवश्य दिला पाहिजे. गिर्यारोहकांचा दोर तिपेडी नसतो. आत गाभा व बाहेर विणलेले कवच अशी त्याची रचना असते. त्याला वरील गुंफण लागू पडत नाही. त्याच्यासाठी ठरलेल्या गाठीच वापरतात, आणि गाठीने घटणारी ताकद आधीच हिशेबात धरतात. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात बस कोसळून 30 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा महाबळेश्वरचे तरुण गिर्यारोहक दोरावरून त्या दरीत उतरले होते. अशा ठिकाणी दोराचे ज्ञान ही करमणुकीची बाब राहत नाही.

झुला टांगताना झाडाचाही विचार करावा. सालीच्या लगेच आत झाडाचा जिवंत थर असतो. बारीक दोर तो कापतो. म्हणून खोडाभोवती चार बोटे रुंद पट्टा गुंडाळावा आणि दोर पट्ट्याला जोडावा. 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. पाहुण्यांनी तेवढी जाण ठेवावी. झुला गुडघ्याहून उंच नसावा. प्रथम माणसाच्या दुप्पट वजनाची पोती त्यात रात्रभर ठेवावीत आणि सकाळी गुंफण सरकली आहे काय ते पाहावे.

आपण झुला बांधतो तो सुटीतल्या दुपारपुरता. परंतु ऊसतोडीच्या फडात, बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगून आई कामाला जाते, तेव्हा तिचे मूल त्याच पिळाच्या भरवशावर असते. झोळी हलते, दोर फांदीवर घासतो, आणि घासलेल्या जागीच धागे एकेक करून सुटतात. तेथे दोराखाली गोणपाटाची घडी घालणे आणि रोज सकाळी गाठीपाशी बोट फिरवून पाहणे, याला खर्च काहीच नाही. दोर हाती घेताना एवढी सवय आपण प्रत्येकाने लावून घ्यावी.